केशरी कार्ड पेटीतच राहिलं, अडीच बिघे गेले

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

दिवाळीच्या आवराआवरीत घरातली लोखंडी पेटी उघडली. आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली, त्यांच्या फाइलीला कोणी हात लावला नव्हता. वरच केशरी रेशनकार्ड निघालं, प्लास्टिकच्या पिशवीत. त्याला टाचणीने लावलेला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, एप्रिल २०१९ चा. तो कशासाठी काढला होता कोण जाणे. त्याच्या खाली अडीच बिघ्यांच्या खरेदीखताची झेरॉक्स, जून २०१९. दोन्ही कागद हातात घेऊन मी पेटीजवळच बसून राहिलो.

झालं होतं असं. त्या मे महिन्यात मायच्या छातीत कळ आली. जळगावला नेलं, तिथून नाशिकला. बायपास सांगितलं. आठ दिवसांपूर्वीच्या वादळात केळीची बाग आडवी झालेली, हातात रोकड नाही. भरतीच्या वेळी खिडकीशेजारी टेबल टाकून सरकारी आरोग्य योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसला होता. त्यानं विचारलं, "बाबा, कार्ड कोणतं आहे?" आप्पा म्हणाले, "आम्ही पैसे भरणारे लोक आहोत." मी शेजारी उभा होतो. बीएस्सी ॲग्री झालेला माणूस, रेशनकार्डावर मोफत उपचार देणारी महात्मा फुले योजना ऐकून माहीत होती. तरी बोललो नाही. आप्पांच्या पुढे बोलायची सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही ते टेबल नको वाटलं. साडेतीन लाख लागले. रस्त्याकडचे अडीच बिघे विहिरीच्या हिश्श्यासकट गेले.

आप्पांचं म्हणणं एकच: दवाखाना, लग्न आणि मयत आपल्या खिशातून. तंबाखूला कधी हात लावला नाही, रोज पहाटे तीन किलोमीटर चालत. माझंही मत बरंचसं तसंच आहे. देवी, पोलिओ ही कामं सरकारचीच. देवीचा आपल्याकडचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, पोलिओचा २०११ चा, हे काही घरोघरच्या शिस्तीने झालेलं नाही. पाणी, गटारी, लस सरकारनं बघावी. पण माझं बीपी, माझी साखर, माझं हृदय हेही सरकारनंच बघायचं? मग माणसानं काय करायचं?

तुम्हाला काय वाटतं? आप्पा चुकले का?

केळीकाप

भाऊ, एक विचारू का? बाग आडवी झाली तेव्हा फळपीक विमा होता का?

रावेर-यावलमध्ये हवामानावर आधारित विमा न काढणारा केळीवाला मला अजून भेटायचाय. त्यात आपला हिस्सा थोडा, बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य भरतं. थंडीत पारा उतरला की आपण सगळे आपल्या मंडळाच्या हवामान केंद्राचा आकडा बघत बसतो, अर्ध्या डिग्रीसाठी कृषी खात्याशी भांडतो. तिथं कोणी म्हणत नाही की मी पैसे भरणारा माणूस आहे, माझं नुकसान मी सोसतो. खोडाला सरकारी हप्ता चालतो अन् मायला चालत नाही, हे कसं काय?

तापीकाठ

होता विमा. पैसे पुढच्या वर्षी आले. बाकी तुम्ही लिहिलंय त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

स्वखर्च

मूळ चोपड्याचा, सध्या हिंजवडीला. लोकांना आवडणार नाही, तरी लिहितो. आप्पा बरोबर होते, फक्त त्यांनी वीस वर्षं आधी मेडिक्लेम काढायला हवा होता. मी २६ व्या वर्षी काढला. लोक हसले, म्हणाले एवढ्यात कशाला. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला, म्हणजे सबब उरली नाही.

गावाकडे काय चाललंय ते बघा. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, आणि आमच्या गल्लीत दिवाळीला आलो तर चारजण भेटले, चौघांच्या तोंडात तोबरा. तोंड उघडेनासं झालं की हेच चौघे योजनेच्या टेबलापुढे रांगेत. त्यांचं बिल मी का भरायचं? सरकार सगळं फुकट देणार म्हटल्यावर माणूस स्वतःला कशाला जपेल?

डोंगरपाड्याची

दादा, मी नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात आशा आहे, गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती. तुमचे चारजण गल्लीतले आहेत म्हणून त्यांचा तोबरा तुम्हाला दिसला. आमच्याकडचं सांगते.

सिकलसेल हा रक्ताचा आजार तोबरा भरून होत नाही. आईबापांकडून येतो. पोरगं दोन वर्षांचं असतं, हातपाय सुजतात, रात्रभर रडतं. त्यानं स्वतःला कसं जपायचं? कोणती कंपनी त्याचा मेडिक्लेम काढते ते सांगा, मी पाड्यावर सांगेन.

आणि स्वावलंबन आम्हाला शिकवू नका. रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाई अडली की बांबूला झोळी बांधतात, चार माणसं खांदा देतात, दमली की दुसरी चार. पेपरवाल्यांनी त्याला बांबुलन्स नाव ठेवलंय, वाचून हसू येतं आणि रागही येतो. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांना तर दवाखानाच बोटीतून येतो. १०८ ला फोन लावायचा तर आधी रेंजसाठी टेकडी चढायची. एवढं सगळं लोक स्वतःच करतात. सरकारनं फक्त शेवटचा रस्ता आणि त्या रस्त्याच्या टोकाला जागी असलेली नर्स द्यावी.

माहेरघर म्हणून एक चांगली सोय आहे, आरोग्य केंद्राशेजारी. दिवस भरत आलेल्या बाईनं आधीच येऊन राहायचं. मी सांगून सांगून थकते, घरचे म्हणतात गुरंढोरं कोण बघणार. म्हणजे चूक सगळी सरकारचीच असं मीही म्हणत नाही.

मला पगार नाही, मानधन आणि कामावर मोबदला आहे. हे पण लिहून ठेवते.

नाडीपरीक्षा

मी खासगी डॉक्टर, तालुक्याच्या गावी वीस खाटांचं हॉस्पिटल. शिव्या खाण्याची तयारी ठेवूनच लिहितो.

सरकारला आधी एकदा ठरवू द्या की त्याला दवाखाना चालवायचाय की विमा कंपनी व्हायचंय. भोर समितीने १९४६ साली गावागावांत सरकारी दवाखान्यांचं जाळं सांगितलं होतं. त्यातून आजचा हिशेब आला: सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात २० हजारांमागे. कागदावर चांगलंच आहे. आता आमच्या तालुक्याचं सांगतो. ग्रामीण रुग्णालयाची इमारत माझ्या हॉस्पिटलच्या तिप्पट, ऑपरेशन थिएटर आहे, टेबल आहे, वर दिवा आहे. भूलतज्ज्ञ नाही. मग सिझेरियनची बाई रात्री दोन वाजता पुढे पाठवतात, वाटेत ती माझ्याकडे उतरते, आणि नवरा मला विचारतो, "डॉक्टर, पैसे किती?" त्या घटकेला मी त्याला राक्षस दिसतो.

फुले योजनेचं म्हणाल तर मी दोन वर्षं अंगीकृत, म्हणजे योजनेच्या यादीत होतो, मग सोडलं. पॅकेजचे दर ही एक अडचण, बिल मंजूर होऊन हातात येईपर्यंत काही महिने, आणि मधे एखादा फोटो नीट अपलोड झाला नाही म्हणून नामंजूर. माझ्या स्टाफला पगार एक तारखेला लागतो. जी मोठी हॉस्पिटलं टिकतात त्यांचा जम दुसरीकडे बसलेला असतो.

आता धागाकर्त्यांना एक प्रश्न. बायपास मेमध्ये झालं. त्याआधी तुमच्या आईचं बीपी कोणी, कधी मोजलं होतं? उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आहेत, तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी-साखर तिथं फुकट तपासायचं असतं. आप्पांचं चालणं ऐकलं. आईचा आकडा सांगा.

तापीकाठ

डॉक्टरसाहेब, विचार करतोय. बहुतेक कधीच नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी मोजलं असेल, १९९१ साली.

चुलीपुढची

मी याचीच वाट बघत होते.

आप्पा पहाटे तीन किलोमीटर चालायचे. त्या वेळात माय काय करत होती हो? चूल, शेण, पाणी, डबे. मग दिवसभर बागेत, केळीच्या चिकाने हात काळे. संध्याकाळी परत चूल. तिच्या या चालण्याचे किलोमीटर कोणी मोजले? आमच्याकडे बाईला दवाखान्यात नेतात ते ती पडल्यावर. तोवर "गॅस झाला असेल, ओवा खा."

इथे सगळे स्वाभिमानावर लिहिताहेत. तो स्वाभिमान होता आप्पांचा, छाती होती मायची आणि जमीन कोणाच्या नावावर होती ते खरेदीखतात बघा. भरतीच्या खिडकीवर ज्या बाईचं ऑपरेशन होतं तिला कोणी विचारलं का, की बाई, तुला कार्ड चालेल का?

स्वावलंबन मलाही आवडतं. पण घरात ते एकाचंच असतं. बाकीचे त्या एकाच्या मर्जीवर असतात. मग सरकारच्या मर्जीनं एवढं काय बिघडतं?

केळीकाप

ताई, शंभर टक्के.

स्वखर्च

चुलीपुढची यांचा मुद्दा मान्य. पण त्याचं उत्तर बाईच्या नावाने पॉलिसी काढणं हे आहे, सरकार नव्हे.

चुलीपुढची

पैसे कोणाच्या खात्यातून कापायचे दादा? खातं तरी तिच्या नावाने आहे का, आणि असलं तर एटीएम कोणाच्या पाकिटात?

पांझरेकर

धुळेकर बोलतोय, जरा ऐका. ही फुले योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत आमचं धुळं होतं. जळगाव-नंदुरबारला ती नोव्हेंबर २०१३ ला पोचली. सुरुवातीला ९७१ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाख. २०१७ ला महात्मा फुलेंचं नाव आलं. आता पाच लाख आणि कार्डाचा रंग कोणताही चालतो, पांढरा पण. म्हणजे ज्या रंगावरून आप्पांना लाज वाटली तो रंगच सरकारनं काढून टाकलाय.

पण आमच्या काकूचं ऐका. योजनेत भरती, सगळं फुकट म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी आली, ही इंजेक्शनं बाहेरून आणा. साडेआठ हजार. मी पावत्या जपून ठेवल्या, १५५३८८ ला तक्रार केली, आरोग्यमित्राच्या मागे लागलो. तीन आठवड्यांनी पैसे परत दिले आणि वर आम्हालाच म्हणाले, आधी सांगायचं ना! जो भांडेल त्यालाच फुकट, अशी ती योजना. आप्पांच्या जागी मी असतो तर भांडलो असतो, आणि माझ्या जागी आप्पा असते तर साडेआठ हजार सोडून दिले असते. माणसामाणसाचा स्वभाव.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट झाला. वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यांना तो निर्णय नव्हता, ते खातं वेगळं. आता खेड्यातून आलेल्या म्हातारीला खातं वेगळं म्हणजे काय हे कोण समजावणार? तिच्या लेखी सगळा "सिव्हिल"च.

तरी सांगतो. भाऊ, हक्क शे तो, भीक नही. आपला पैसा, आपलाच दवाखाना, मंग लाज कसानी?

डाउन गाडीचा गार्ड

भुसावळ. रेल्वेतून निवृत्त. चौतीस वर्षं रेल्वेच्या दवाखान्यातून गोळ्या घेतल्या, दोन्ही पोरं तिथंच जन्मली. निवृत्त होताना एक महिन्याचं मूळ वेतन भरलं आणि आता आम्ही दोघं जन्मभर रेल्वेच्या आरोग्य योजनेत. सरकारीच की हो हे. पण आमच्या क्वार्टरमध्ये कोणी कधी म्हटलं नाही की आपण फुकटचं खातो. "आपला दवाखाना" म्हणायचे. रांग तिथंही होती, डॉक्टर तिथंही खेकसायचे, आम्हीही उलटं खेकसायचो.

तोच सरकारी पैसा शेतकऱ्याच्या कार्डावर आला की उपकार होतो. मला हे कधी समजलं नाही. स्वखर्च साहेबांची कंपनी ग्रुप इन्शुरन्स देत असेल ना? तो घेता की परत करता?

स्वखर्च

घेतो. तो माझ्या पगाराचा भाग आहे.

डाउन गाडीचा गार्ड

हां. आणि काडेपेटीपासून डिझेलपर्यंत कर भरणाऱ्या केळीवाल्याचा पगार कोण देतो?

डाळमिल

जळगाव एमआयडीसी. माझं ईएसआय, म्हणजे कामगार विमा कापतात, पाऊण टक्का माझा आणि सव्वातीन टक्के मालकाचे. पगार २१ हजारांच्या वर गेला की त्यातून बाहेर. मागं मालक म्हणाला, दोन हजार वाढवतो. मी म्हटलं शेठ थांबा, बायकोचं बाळंतपण होऊ द्या. पगारवाढ नको म्हणणारा कामगार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

अमळनेर टू बर्मिंगहॅम

इथलं थोडं सांगतो, कारण गावी आलो की सगळे विचारतात. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ पासून सरकारी आरोग्य सेवा आहे. श्रीमंत-गरीब सगळे त्याच दारातून जातात, कार्डाचा रंग नाही. औषधाच्या चिठ्ठीवर इंग्लंडात एका औषधाला ९.९० पौंड, साठी ओलांडली की तेही नाही. बिल येत नाही. पण गुडघ्याच्या ऑपरेशनची वाट बघता बघता माझा शेजारी काठीवरून कुबडीवर आला. शेवटी त्यानं पैसे भरून खासगीत केलं आणि वर्षभर त्याची खंत बोलून दाखवत होता. आपल्या आप्पांच्या अगदी उलट. त्याला पैसे भरायची लाज वाटली.

डोंगरपाड्याची

हे आवडलं दादा. शेजाऱ्याला आमचा रामराम सांगा.

नाडीपरीक्षा

एक राहिलं. नाशिक, पुणे, मुंबईची बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय न्यासाची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. योजनेत बसत नसेल तरी हे दार असतं. तिथंही तहसीलचा दाखला लागतो, तो तुमच्या पेटीत होताच. म्हणून म्हणतो, हा दाखला कोणी आणि कशासाठी काढला होता ते शोधा. आप्पा काढतील असे वाटत नाहीत.

तापीकाठ

चार दिवस इथे आलो नाही. सगळं वाचलं.

डॉक्टरसाहेबांच्या शेवटच्या वाक्याने झोप उडाली. दुसऱ्या दिवशी मायला विचारलं. ती ओट्यावर भरीताची वांगी निवडत होती. म्हटलं, पेटीतला तो दाखला कोणी काढला होता? मान वर न करता म्हणाली, "मी."

होळीपासून तिच्या छातीत दुखत होतं. पाणी शेंदताना दम लागायचा. गावातल्या आशाने सांगितलं होतं की मावशी, कार्ड काढून ठेवा, वेळेला कामाला येतं. माय दोन वेळा रावेरला एसटीने जाऊन सेतूच्या रांगेत उभी राहिली होती. आम्हाला सांगितलं होतं माहेरी जाते. दाखला आणला, कार्डाला टाचला, पेटीत ठेवला.

मी विचारलं, मग नाशिकला बोलली का नाहीस?

"बोलले ना. गाडीत बोलले, कार्ड पेटीत आहे म्हणून. तुझे आप्पा म्हणाले गप पड, दम लागेल. मग नळ्या लावल्या. नळ्या लावल्यावर बाईला कोण विचारतं?"

गाडी मी चालवत होतो. मला ते ऐकू आल्याचं आठवत नाही. आलंही असेल.

आप्पा चुकले का, असं मी वर विचारलं होतं. तो प्रश्न मी मागे घेतो. आणि माझं ते मतही, की सरकारनं पाणी-गटारी बघावं आणि हृदय ज्याचं त्यानं. मायनं तिचं बघितलं होतं. दोनदा एसटीने जाऊन बघितलं होतं. टेबलही होतं, त्यावर माणूसही होता. मधे आम्ही दोघं उभे होतो.

तरी सरकारला सोडत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांच्या उपचारांचं वेगळं कार्ड २०२४ पासून सुरू झालंय, माय आता ७१ ची. काल तिला घेऊन सीएससी केंद्रावर, सरकारी ऑनलाइन कामं करून देतात तिथं, गेलो. अंगठा उमटेना. चाळीस वर्षं केळीच्या चिकात आणि राखेत घासलेली बोटं, रेषाच राहिल्या नाहीत. पोरगा म्हणाला आजी, हात धुऊन या. धुतले. खोबरेल लावलं. दहाही बोटं झाली. मग चेहऱ्यावरून करू म्हणाला, तर सर्व्हर बंद. मागे रांगेत बारा-पंधरा म्हातारी माणसं, दोघं तर आधाराने उभी होती. माय त्यांच्याकडे बघून मला म्हणाली, पाणी तरी ठेवायला सांग त्याला इथं.

मंगळवारी परत बोलावलंय. सकाळी आठला जाणार आहोत. बीपी मात्र काल येतायेताच आरोग्य मंदिरात मोजून घेतलं, तिचं आणि माझं. तिचं बरं आहे. माझं १५० वर ९६. सिस्टर म्हणाल्या पंधरा दिवसांनी परत या आणि मीठ कमी करा. मायनं त्याच संध्याकाळी माझ्या ताटातली लोणच्याची फोड उचलली.

डोंगरपाड्याची

दादा, मंगळवारी जाताना पाण्याचा हंडा आणि पेले तुम्हीच घेऊन जा. सांगून कोणी ठेवत नाही.

केळीकाप

मी येतो. माझी पण म्हातारी आहे ७३ ची. कोणतं केंद्र, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.